क्षय, औषध आणि परिचारिका

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागांत ड्रॅकेन्सबर्ग पर्वतांतून निघून हिंदी महासागराला मिळणारी टुगेला नांवाची नदी आहे. या नदीच्या कांठीं, क्वाझुलू-नाताल प्रांतांतील म्सिंगा नांवाच्या डोंगराळ व दरिद्री मुलखांत, टुगेला फेरी हें एक लहानसें गांव वसलेलें आहे. या गांवीं स्कॉटिश मिशनच्या नांवानें ओळखलें जाणारें एक जुनें रुग्णालय आहे. इ. स. २००५ सालीं तेथील डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या ध्यानांत एक विपरीत गोष्ट आली. एच्. आय्. व्ही.ची बाधा झालेले कांहीं रोगी नव्या औषधांनीं सुधारूं लागले होते. त्यांची प्रतिकारशक्ति परत येत होती. आणि तरीहि ते क्षयानें भराभर मरत होते. क्षयावरील रूढ औषधें त्यांना दिलीं जात होतीं. परंतु तीं लागूं पडत नव्हतीं.

थुंकीचे नमुने डर्बन शहरीं तपासणीसाठीं पाठविण्यांत आले. जानेवारी २००५ पासून मार्च २००६ पर्यंत १५३९ लोकांची तपासणी झाली. त्यांपैकीं २२१ जणांच्या शरीरांतील जंतु आयसोनायझिड व रिफॅम्पिसिन या दोन प्रमुख औषधांना दाद देत नव्हते. त्या २२१ जणांतहि ५३ असे निघाले कीं, त्यांच्या बाबतींत दुसऱ्या फळीचीं औषधेंहि निष्प्रभ ठरलीं होतीं. या ५३ पैकीं ५२ रोगी मरण पावले. नमुना घेतल्या दिवसापासून मोजूं गेल्यास निम्म्या रोग्यांनीं अवघ्या सोळा दिवसांच्या आंत इहलोक सोडला. म्हणजे तपासणीचा निकाल हातीं येण्यापूर्वींच पुष्कळांना मूठमाती मिळाली होती. ज्या ४४ जणांची एच्. आय्. व्ही.ची परीक्षा झाली होती, ते सर्वच्या सर्व बाधित होते.

ऑगस्ट २००६ मध्यें टोरांटो येथील जागतिक एड्स परिषदेंत ही हकीकत जाहीर झाली, तेव्हां वैद्यकीय जग हादरून गेलें. त्या आंकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली होती. ज्यांचा पूर्वेतिहास ठाऊक होता, त्यांपैकीं निम्म्याहून अधिक जणांनीं पूर्वीं क्षयाचें औषध कधींच घेतलेलें नव्हतें. म्हणजे औषधें अर्धवट टाकून त्यांनीं हा अनर्थ ओढवून घेतला, असा दोष त्यांच्या माथीं मारण्याची सोय नव्हती. जंतु निर्ढावला होता तो दुसऱ्याच कोणाच्या शरीरांत. तेथून तो जसाच्या तसा, आणि बहुधा रुग्णालयाच्या गर्दीच्या दालनांतच, त्यांच्या छातींत शिरला होता.

औषधांचें शास्त्र इतकें पुढें गेलें असतां असें कां व्हावें? या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे प्रयोगशाळेचा इतिहास पुरत नाहीं. औषध आणि रोगी यांच्यामध्यें जी व्यक्ति उभी असते, तिचाहि इतिहास पाहावा लागतो. ती व्यक्ति म्हणजे परिचारिका होय.

दिनांक २४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉख यानें बर्लिन येथें क्षयाचा जंतु सांपडल्याचें जाहीर केलें. शत्रूचें नांव कळलें, पण त्याला मारण्याचें शस्त्र पुढें साठ वर्षें मिळालें नाहीं. त्या काळांत क्षयाचा उपचार म्हणजे स्वच्छ हवा, पौष्टिक अन्न व विश्रांति. आणि हें सर्व घडवून आणणारी परिचारिका. डॉक्टर येऊन नाडी पाहून जात असे. रात्रभर उशाशीं बसून रक्ताची गुळणी पुसणारी तीच असे. याच सुमारास दक्षिण आफ्रिकेंत किंबर्ली येथें सिस्टर हेन्रिएटा स्टॉकडेल या संन्यस्त विदुषीनें परिचारिकांच्या शिक्षणाचा पाया घातला. तिच्या खटपटीमुळें १८९१ सालीं केप वसाहतीनें परिचारिकांच्या सरकारी नोंदणीचा कायदा केला. असा कायदा जगांत पहिलाच होता. इंग्लंडांतहि तोंवर तो झालेला नव्हता. पुढें १९०८ सालीं लव्हडेल येथें शिकलेली सेसिलिया मकिवाने ही नोंदणी झालेली पहिली कृष्णवर्णीय परिचारिका ठरली. तथापि मान निराळा आणि अधिकार निराळा. रोगाचें निदान करण्याचा अथवा औषध लिहून देण्याचा अधिकार परिचारिकेला नव्हता. आणि पुढें शंभर वर्षें तो तिला मिळाला नाहीं, म्हटलें तरी चालेल.

इकडे क्षयाची वाट मात्र कोणी अडविली नव्हती. १८८६ सालीं विटवॉटर्सरँड येथें सोन्याच्या खाणी सुरू झाल्या. झुलूलंड, ट्रान्सकाय, मोझांबिक इत्यादि ठिकाणांहून हजारों तरुण मजुरीला नेण्यांत आले. खाणींतील गारेची सूक्ष्म धूळ त्यांच्या फुप्फुसांत बसे, एकेका बराकींत माणसें दाटीनें कोंबलेलीं असत, आणि दुबळ्या झालेल्या फुप्फुसांत क्षय सहज घर करी. कामास निरुपयोगी झालेल्या मजुराला गांवीं परत पाठविण्याचा तेथें परिपाठ होता. अशा रीतीनें खाणींतलें सोनें परदेशीं गेलें आणि खाणींतला खोकला झुलूंच्या व खोसांच्या खेड्यापाड्यांत गेला. म्सिंगा हा त्याच मुलखाचा एक तुकडा आहे.

अखेर १९४३ सालीं अमेरिकेंत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. इंग्लंडांतील मेडिकल रिसर्च कौन्सिलनें त्याची पद्धतशीर परीक्षा घेतली व तिचा वृत्तान्त १९४८ सालीं प्रसिद्ध केला. १०७ रोग्यांपैकीं ५५ जणांना हें औषध व विश्रांति मिळाली, तर ५२ जणांना केवळ विश्रांति. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटांत ४ व दुसऱ्यांत १४ मृत्यु झालेले होते. सर्वत्र आनंद झाला. परंतु पांच वर्षांनीं पुनः मोजदाद केली, तेव्हां पहिल्या गटांतील ३२ व दुसऱ्यांतील ३५ जण दगावलेले आढळले. आरंभींची मोठी तफावत जवळजवळ पुसून गेली होती. त्याचें कारण असें कीं, कोट्यवधि जंतूंच्या समुदायांत एखाद्या औषधाला न जुमानणारे मूठभर जंतु मुळांतच असतात. एकटें औषध दिलें म्हणजे बाकीचे मरतात आणि या मूठभरांना रान मोकळें मिळतें. म्हणून दोन-तीन औषधें एकत्र द्यावयाचीं, आणि तीं एकहि दिवस न चुकवितां दीर्घकाळ द्यावयाचीं, हा दंडक ठरला. १९५२ सालीं आयसोनायझिड हें स्वस्त व गुणकारी औषध आलें. पुढें रिफॅम्पिसिन आलें व उपचाराची मुदत सहा महिन्यांवर आली.

परंतु सहा महिने रोज गोळ्या घ्यावयाच्या हें लिहिण्यास जितकें सोपें, तितकें आचरणास सोपें नाहीं. खोकला थांबला, वजन वाढलें, कीं रोग्याला आपण बरे झालों असें वाटतें. मद्रास येथें १९५६ सालीं डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखालीं जो प्रसिद्ध प्रयोग सुरू झाला, त्यानें या गोष्टीवर लख्ख प्रकाश टाकला. १९३ गरीब रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करण्यांत आले. एका गटाला आरोग्यधामांत ठेवलें. दुसऱ्याला त्यांच्या दाटीवाटीच्या घरींच औषधें दिलीं. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं, घरीं राहिलेले रोगीहि आरोग्यधामांतल्यांच्या जवळजवळ बरोबरीनें बरे झाले व घरच्या माणसांनाहि त्यांच्यापासून अधिक उपद्रव झाला नाहीं. या निकालानें जगांतील आरोग्यधामांची सद्दी संपली. मात्र त्या प्रयोगांत घरोघर जाऊन, न सांगतां सवरतां, शिल्लक गोळ्या मोजणारे व लघवीची तपासणी करवून घेणारे कार्यकर्ते होते. ‘घरचा उपचार चालतो’ हा निष्कर्ष जगानें उचलला. ‘पण त्यासाठीं कोणीतरी घरीं जावें लागतें’ हा दुसरा भाग पुष्कळ देशांत कागदावरच राहिला. अर्धवट उपचारांतून दोन प्रमुख औषधांना न जुमानणारा क्षय जन्माला आला तो याच उणिवेंतून.

त्यांत एच्. आय्. व्ही.ची साथ आली. दुष्काळांत तेरावा महिना म्हणावा, तसें झालें. शरीरांत निद्रिस्त असलेल्या क्षयजंतूला आवरून धरणारी शक्तिच हा विषाणु खाऊन टाकतो. शिवाय अशा रोग्याच्या थुंकींत जंतु कमी सांपडतात. सूक्ष्मदर्शकाखालीं कांहींच दिसत नाहीं आणि रोग मात्र आंत पसरत असतो. दक्षिण आफ्रिकेंत ही साथ १९९० नंतरच्या दशकांत वणव्यासारखी पसरली. राज्यकर्त्यांच्या शंकाकुशंकांत मोलाचीं वर्षें वायां गेलीं. गर्भवती स्त्रियांना औषध देण्याविषयीं २००२ सालीं तेथील घटना-न्यायालयाला सरकारास आज्ञा करावी लागली. आणि सार्वजनिक दवाखान्यांतून सर्व रोग्यांना औषधें मिळण्यास २००४ साल उजाडलें. त्या वेळीं असें दिसून आलें कीं, औषधें आहेत, रोगी लाखांनीं आहेत, परंतु तीं लिहून देण्यास डॉक्टर नाहींत. खेड्यांतील दवाखाने चालविणाऱ्या होत्या परिचारिका, आणि त्यांना तो अधिकार नव्हता.

प्रतिरोधक क्षयाची व्यवस्था तर याहून बिकट होती. उपचार अठरा ते चोवीस महिन्यांचा. त्यांत पहिले सहा महिने कॅनामायसिनसारख्या औषधाचीं इंजेक्शनें. या इंजेक्शनांनीं अनेकांचे कान कायमचे जात. हा उपचार प्रांतांतील एखाद्या मोठ्या रुग्णालयांतच मिळावा, असा नियम होता. म्सिंगाच्या रोग्याला डोंगरदऱ्या ओलांडून डर्बनच्या किंग जॉर्ज रुग्णालयांत जावें लागे. तेथें खाट रिकामी होईपर्यंत तो घरींच खोकत राही, आणि त्या अवधींत त्याचीं मुलेंबाळें बाधित होत. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशांतला हा प्रकार होता.

शिवाय क्षयाचा विभाग निराळा आणि एच्. आय्. व्ही.चा निराळा. एकाच रोग्याचीं दोन टिपणें, दोन रांगा, दोन तारखा. एकीकडे त्याला क्षयाचें जें इंजेक्शन मिळे, तें मूत्रपिंडाला अपायकारक. दुसरीकडे टेनोफोव्हिर ही एच्. आय्. व्ही.ची गोळीहि मूत्रपिंडावर ताण आणणारी. सायक्लोसेरिननें मन भ्रमिष्ट होण्याचा संभव, आणि एफाव्हिरेंझनेंहि दुःस्वप्नें पडण्याचा व चित्त अस्वस्थ होण्याचा संभव. दोन विभागांतील दोन वैद्य आपापल्या परी बरोबर औषध लिहीत. परंतु दोन्ही औषधें एकाच पोटांत जात आहेत, हें पाहण्याचें काम कोणाचेंच नव्हतें.

टुगेला फेरीच्या आपत्तीनें ही व्यवस्था बदलणें भाग पाडलें. २००८ सालापासून म्सिंगाच्या मुलखांत नवा प्रयोग सुरू झाला. रोग्याला शक्य तितक्या लौकर घरीं पाठवावयाचें. गाडींतून परिचारिकेनें त्याच्या घरीं जाऊन इंजेक्शन द्यावयाचें. आणि क्षय व एच्. आय्. व्ही. या दोहोंचा उपचार एकत्र चालवावयाचा. मद्रासनें अर्धशतकापूर्वीं जें दाखविलें होतें, तेंच येथें अधिक दुर्धर रोगाच्या बाबतींत आचरणांत येऊं लागलें.

त्याच सुमारास अधिकाराचा प्रश्नहि सुटूं लागला. जोहान्सबर्ग व केपटाऊन येथें ८१२ एच्. आय्. व्ही.बाधितांवर एक परीक्षा झाली. अर्ध्यांची देखरेख डॉक्टरांकडे व अर्ध्यांची परिचारिकांकडे होती. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत परिचारिका कोठेंहि उण्या पडल्या नाहींत. त्याच वर्षीं सरकारनें शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला एच्. आय्. व्ही.चीं औषधें स्वतः सुरू करण्याची मुभा दिली. फ्री स्टेट प्रांतांतील ३१ दवाखान्यांत झालेल्या दुसऱ्या मोठ्या परीक्षेनें २०१२ सालीं याच निष्कर्षाला दुजोरा दिला. दरम्यान २०११ सालीं प्रतिरोधक क्षयाचा उपचार मोठ्या शहरांतून जिल्ह्याजिल्ह्यांत नेण्याचें धोरण जाहीर झालें. क्वाझुलू-नातालच्या दक्षिण भागांतील मर्चिसन रुग्णालयांत खास तयार केलेल्या परिचारिका डॉक्टरांच्या जोडीनें असे रोगी पाहूं लागल्या. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्राध्यापक जेसन फार्ली, जे स्वतः पेशानें परिचारक आहेत, यांचा या कामांत पुढाकार होता. परिचारिकेनें पाहिलेले रोगी आणि डॉक्टरनें पाहिलेले रोगी यांच्या परिणामांत लक्षणीय अंतर नाहीं, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें. पुढें या प्रांतांतील व ईस्टर्न केपमधील मिळून दहा रुग्णालयांत परिचारिकेनें चालविलेल्या देखरेखीची रीतसर परीक्षाहि योजण्यांत आली.

ही देखरेख म्हणजे नेमकें काय, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. एका रोग्याचा सर्व भार एका परिचारिकेवर सोंपविलेला असतो. थुंकीचा नमुना गेला कीं नाहीं, निकाल आला कीं नाहीं, आला असल्यास तो टिपणावर चढून त्याप्रमाणें औषध बदललें कीं नाहीं, याचा पाठपुरावा ती करते. इंजेक्शनें दिलीं जात, त्या काळांत दर महिन्याला कानांची तपासणी होई, आणि वरचे सूर ऐकूं येईनासे झाले, कीं पुढचें बोलणें ऐकूं येणें बंद होण्यापूर्वींच ती डॉक्टरला सावध करी. रक्तांतील पोटॅशियम, मूत्रपिंडाचें कार्य, वजन, रात्रीची झोंप, पायांची आग, मनाची उदासीनता, या सर्वांची तिच्याकडे नोंद असते. वजन वाढलें कीं औषधाची मात्राहि वाढली पाहिजे, हें तिला पाहावें लागतें. घरांत आणखी कोण खोकतो, लहान मुलें किती, खिडकी उघडी असते कीं बंद, हें ती विचारते. रोगी ठरल्या दिवशीं आला नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं निरोप जातो किंवा कोणी घरीं जातो. पुष्कळदां न येण्याचें कारण बेफिकिरी हें नसतें. बसला भाडें नसतें, अथवा रिकाम्या पोटीं गोळ्या घेतल्या कीं ओकारी येते म्हणून गोळ्याच नकोशा झालेल्या असतात. हें कारण शोधून काढणें हाहि उपचाराचाच भाग आहे. यांतील कोणतीहि गोष्ट अद्भुत नाहीं. परंतु यांतील एक जरी सुटली, तरी मागच्या वर्षभराची मेहनत पाण्यांत जाते.

या अधिकाराची किंमत परिचारिकांनीं जबर मोजली आहे. २००३ ते २००८ या वर्षांत क्वाझुलू-नातालमध्यें आरोग्यसेवेंतील लोकांना प्रतिरोधक क्षयासाठीं रुग्णालयांत दाखल करावें लागण्याचें प्रमाण सामान्य जनतेच्या पांचपटींहून अधिक होतें, असें एका अभ्यासांत आढळलें. ज्या दालनांत रोग पसरत होता, त्याच दालनांत त्या आठ-आठ तास उभ्या होत्या. तेव्हां परिचारिकेच्या सेवावृत्तीचीं स्तोत्रें गाऊन समाजाचें कर्तव्य संपत नाहीं. उघड्या खिडक्या, चांगले मुखाच्छादन, बेताची रोगीसंख्या, नव्या जबाबदारीचें रीतसर शिक्षण व तिला साजेसें वेतन, हें तिचें न्याय्य मागणें आहे. डॉक्टर मिळत नाहींत म्हणून काम परिचारिकेवर ढकलणें, आणि परिचारिका तें काम उत्तम करूं शकते म्हणून तिला तो अधिकार देणें, या दोन गोष्टी वरून सारख्या दिसल्या तरी त्यांत फार मोठें अंतर आहे.

अलीकडे औषधांच्या बाजूनेंहि मोठा पालट झाला आहे. २०१२ सालीं अमेरिकेंत बेडाक्विलीन या नव्या औषधाला मान्यता मिळाली. जून २०१८ मध्यें दक्षिण आफ्रिकेनें कान घालविणाऱ्या इंजेक्शनांच्या जागीं हीं गोळ्यांचीं औषधें आणण्याचा निर्णय जाहीर केला. याच देशांत अत्यंत प्रतिरोधक क्षयाच्या १०९ रोग्यांना बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड व लिनेझोलिड हीं तीन औषधें देऊन पाहण्यांत आलीं. त्यांतील सुमारें निम्मे एच्. आय्. व्ही.बाधित होते. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत शंभरीं नव्वद रोगी बरे झाल्याचें दिसलें. टुगेला फेरी येथें ५३ पैकीं ५२ दगावले होते, ही गोष्ट आठवली म्हणजे या आंकड्याची थोरवी कळते. २०२२ अखेर जागतिक आरोग्य संघटनेनें प्रतिरोधक क्षयासाठीं सहा महिन्यांच्या उपचाराची शिफारस केली. परंतु लिनेझोलिडनें रक्त कमी होतें, हातापायांच्या नसा बधिर होतात; बेडाक्विलीननें हृदयाच्या ठेक्यावर परिणाम होऊं शकतो. म्हणजे मुदत घटली, इंजेक्शन गेलें, तरी पाहणारा डोळा लागतोच. आणि या नव्या औषधांनाहि न जुमानणारे जंतु दिसूं लागलेले आहेत.

ही कथा दूरदेशची म्हणून महाराष्ट्रानें कानाआड करावी, अशी स्थिति नाहीं. प्रतिरोधक क्षयाचा सरकारी उपचार भारतांत २००७ सालीं सुरू झाला, तो गुजराथ व महाराष्ट्र या दोन प्रांतांतून. त्याच वर्षापासून मुंबईंत एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेनें एच्. आय्. व्ही. व प्रतिरोधक क्षय अशी दुहेरी बाधा झालेल्या झोपडपट्टींतील रोग्यांना, इस्पितळांत न कोंडतां, घरीं ठेवून उपचार देण्यास आरंभ केला. अशा ५८ रोग्यांचा वृत्तान्त २०११ सालीं प्रसिद्ध झालेला आहे. २०१२ च्या आरंभीं मुंबईंतीलच डॉक्टरांनीं माहितींतल्या कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी जाहीर केले, तेव्हां टुगेला नदीचा कांठ आणि मुंबईच्या चाळी यांत वाटतें तितकें अंतर नाहीं, हें सर्वांना कळून चुकलें.

जंतूचें नांव १८८२ सालीं कळलें. त्याला मारणारें औषध १९४३ सालीं सांपडलें. तें औषध रोग्याच्या घरीं देतां येतें, हें १९५९ सालीं मद्रासनें सिद्ध केलें. आणि तें देणाऱ्या व्यक्तीला स्वतः पाहण्याचा, ठरविण्याचा व वेळींच हात पुढें करण्याचा अधिकार असावा, ही साधी गोष्ट मान्य होण्यास एकविसाव्या शतकाचें पहिलें दशक संपावें लागलें. या विलंबाचा हिशेब ज्यांनीं चुकता केला, त्यांत टुगेला फेरीचे ते ५२ जीवहि आहेत. पुढील औषध शोधणाऱ्यांनीं तें शोधावें. परंतु तें रोग्याच्या हातावर रोज कोण ठेवणार, हा प्रश्न त्याच दिवशीं विचारला गेला पाहिजे.